प्रथिनाची घडी आणि म्युनिकची पैज

तारीख १४ मे १९८४. जर्मनीतलं म्युनिक शहर. झुरिकहून आलेल्या कुर्ट व्यूथ्रिख या ४५ वर्षांच्या स्विस शास्त्रज्ञाचं व्याख्यान नुकतंच संपलं होतं आणि चर्चेला तोंड फुटलं होतं. व्यूथ्रिख यांचा दावा साधासुधा नव्हता. एका प्रथिनाची संपूर्ण त्रिमित आकृती आपण काढली आहे, तीही प्रथिनाचा स्फटिक न बनवता आणि क्ष-किरणांना हात न लावता, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रथिन पाण्यात विरघळवलेलं होतं, काचेच्या बारीक नळीत. ती नळी जबरदस्त ताकदीच्या चुंबकात ठेवली, तिला रेडिओलहरींचे झटके दिले आणि प्रथिनाकडून परत जे आलं ते टिपून आकृती उभी केली!

ऐकणाऱ्यांचा विश्वास बसेना. त्या वसंत ऋतूत व्यूथ्रिख जिथे जिथे हे बोलले, तिथे तिथे हाच अनुभव आला. लोकांची शंका अशी, की या प्रथिनाच्या एका जवळच्या भाऊबंदाची आकृती स्फटिकावरून आधीच निघालेली आहे. ती समोर ठेवूनच ही नवी आकृती बेतलेली असणार. एखाद्या शास्त्रज्ञावर 'कॉपी केलीस' असा आरोप करण्याची ही सभ्य पद्धत!

म्युनिकच्या त्या चर्चेत रॉबर्ट ह्यूबर होते. स्फटिकांवरून प्रथिनांचे आकार काढण्यात त्यांचा हात धरणारे जगात थोडेच. त्यांनी वाद वाढवला नाही, तोडगा सुचवला. ज्याची आकृती कोणालाच ठाऊक नाही असं एक कोरं प्रथिन घ्यायचं. ते मी माझ्या पद्धतीने सोडवतो, तुम्ही तुमच्या. एकमेकांचं बघायचं नाही. मग दोन्ही आकृत्या शेजारी ठेवू.

पैजच म्हणा ना! व्यूथ्रिख यांनी ती स्वीकारली. हरले असते तर पंधरा वर्षांची मेहनत संशयाच्या धुक्यात गेली असती.

आकारात एवढं काय आहे?

निकालाकडे जाण्याआधी एक साधा प्रश्न. प्रथिनाच्या आकारासाठी एवढा जीव का टाकायचा?

उत्तर स्वयंपाकघरात आहे. अंडं उकडलं, की आतला पातळ, पारदर्शक बलक पांढरा आणि घट्ट होतो. त्यात बाहेरून काही घातलेलं नसतं, आतून काही निघूनही जात नाही. मग बदललं काय? बदलली ती प्रथिनांची घडी. प्रत्येक प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांबलचक माळ. मणी फक्त २० प्रकारचे, पण ते कोणत्या क्रमाने ओवले आहेत यावर ती माळ स्वतःभोवती कशी वळणार, कुठे दुमडणार, कुठे पीळ घेणार हे ठरतं. उष्णतेने ही घडी विस्कटते, मोकळ्या झालेल्या माळा एकमेकींत गुंततात आणि बलकाचा घट्ट गोळा होतो. मणी तेच, क्रमही तोच. पण त्या प्रथिनाचं मूळ काम मात्र आता होणे नाही.

शरीरातलं प्रथिनाचं प्रत्येक काम आकारावर चालतं. जेवताना पोळीचा घास बराच वेळ चावला तर किंचित गोड लागतो ना? लाळेतलं अमायलेज नावाचं प्रथिन पोळीतल्या पिष्टाचे तुकडे पाडून साखर बनवत असतं. पिष्टाची साखळी नेमकी मावेल अशी खाच त्याच्या अंगावर असते. ती खाच बुजवणारा एखादा रेणू आला, की अमायलेज निकामी! निम्म्याअधिक औषधविद्या अशा खाचा शोधण्यात आणि त्यात बसेल असा खुंटा घडवण्यात गुंतलेली आहे.

आणि आकार बिघडला तर? नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी भागात सिकलसेलचा आजार अनेक घरांना ठाऊक आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका माळेत १४६ मणी असतात. त्यातला फक्त सहावा मणी बदलतो. तेवढ्याने हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या बनतात आणि गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. एका मण्याची चूक माणसाला जन्मभर पुरते.

खडीसाखरेचा मार्ग

प्रथिन इतकं लहान, की साध्या सूक्ष्मदर्शकातून ते कधीच दिसणार नाही. ते असतं काही नॅनोमीटरचं, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची लहरच मुळी ४०० ते ७०० नॅनोमीटरची. फुटपट्टीच्या मानाने वस्तू शंभरपट लहान! म्हणून शास्त्रज्ञ क्ष-किरणांकडे वळले. पण एकट्या रेणूवर क्ष-किरण टाकून हाती काही लागत नाही. त्यासाठी अब्जावधी रेणू कवायतीला उभे राहिल्यासारखे एका ओळीत, एका दिशेला तोंड करून उभे हवेत. म्हणजेच स्फटिक हवा. दोऱ्यावर खडीसाखर धरते तशी प्रथिनाची खडीसाखर धरायची आणि मग तिच्यातून विखुरलेल्या किरणांच्या ठिपक्यांवरून आकार काढायचा.

हा मार्ग पक्का होता, पण खडतर. केंब्रिजच्या मॅक्स पेरुत्झ यांनी हिमोग्लोबिनचं काम १९३७ साली हाती घेतलं, आकृती दिसली १९५९ साली. बावीस वर्षं! मायोग्लोबिनचा आकार काढणारे जॉन केंड्रू आणि पेरुत्झ यांना १९६२ साली नोबेल पारितोषिक मिळालं आणि ते योग्यच होतं.

पण सगळीच प्रथिनं कवायतीला तयार होत नाहीत. काही वर्षानुवर्षं विनवण्या करूनही स्फटिक धरत नाहीत. आणि एक मूलभूत शंका होतीच. शरीरात प्रथिन स्फटिकात बांधलेलं नसतं; ते पाण्यात लोळत, लवत, थरथरत असतं. कवायतीत उभा असलेला माणूस आणि घरी वावरणारा माणूस एकसारखाच दिसतो कशावरून?

झोपाळा आणि जलतरंग

व्यूथ्रिख यांच्या पद्धतीचं लांबलचक नाव आहे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन. जग तिला एनएमआर म्हणतं. हॉस्पिटलातला एमआरआय याच घराण्यातला. त्याच्या नावातून 'न्यूक्लियर' हा शब्द वगळला गेला, कारण तो ऐकून पेशंट धास्तावत. वास्तविक इथे ना किरणोत्सर्ग ना स्फोट. अणूच्या पोटातलं केंद्र, विशेषतः हायड्रोजनचं केंद्र, एखाद्या इवल्या चुंबकासारखं वागतं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

मोठ्या चुंबकात ठेवलं, की ही इवली चुंबकं त्याच्या दिशेभोवती भोवऱ्यासारखी डुलू लागतात. डुलण्याचा वेग ठरलेला. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलकासा धक्का दिला तर तो उंच जातो, भलत्या लयीत दिला तर नुसतं हात दुखतात. तसंच इथे. नेमक्या लयीची रेडिओलहर आली तरच केंद्रं ती शोषतात आणि मग स्वतःही तशीच लहर बाहेर टाकतात. हा परिणाम १९४६ साली अमेरिकेत स्टॅनफर्डचे फेलिक्स ब्लॉख आणि हार्वर्डचे एडवर्ड पर्सेल यांनी स्वतंत्रपणे पकडला. १९५२ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

इथे एका भारतीयाचा प्रवेश होतो आणि त्याचं नाव आपल्याकडे व्हावं तेवढं झालेलं नाही. श्रीनिवास धर्मट्टी हे त्या वेळी स्टॅनफर्डला होते. त्यांनी जे. टी. आर्नल्ड आणि मार्टिन पॅकार्ड यांच्यासह साध्या अल्कोहोलचा नमुना चुंबकात ठेवला. अल्कोहोलच्या रेणूत हायड्रोजनचे सहा अणू असतात. सगळे हायड्रोजनच, म्हणजे एकच सूर यायला हवा. आले तीन! त्यांचं प्रमाण तीनास दोनास एक. रेणूत कार्बनला लागून तीन हायड्रोजनांचा एक गट, दोनांचा दुसरा आणि ऑक्सिजनला चिकटलेला एकटा एक, असेच गट असतात. म्हणजे हायड्रोजन आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांप्रमाणे सूर किंचित बदलतो. १९५१ साली हे प्रसिद्ध झालं. भौतिकशास्त्रज्ञांना ही मोजमापातली कटकट वाटली होती. रसायनशास्त्रज्ञांच्या हाती मात्र घबाड लागलं. पुढे होमी भाभांनी धर्मट्टींना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणलं आणि १९५०च्या दशकात तिथे एनएमआरचं काम सुरू झालं.

अल्कोहोलचं ठीक. पण प्रथिनात सहा नव्हे, शेकडो हायड्रोजन. शिवाय आवाज अत्यंत क्षीण. खोलीच्या तपमानाला, बऱ्यापैकी मोठ्या चुंबकातसुद्धा, इकडे तोंड केलेली आणि तिकडे तोंड केलेली केंद्रं जवळजवळ समसमान असतात आणि एकमेकांना खोडून काढतात. दहा लाखांमागे जेमतेम ४० उरतात, आणि जो काही आवाज येतो तो त्या चाळिसांचा! तो ऐकायचा तर पुन्हा पुन्हा ऐकून बेरीज करावी लागते. एकेक सूर शोधत बसलं तर जन्म जायचा.

यावर तोड काढली ती रिचर्ड अर्न्स्ट यांनी. हे गृहस्थ झुरिकजवळच्या विंटरथूरचे. लहानपणी त्यांना घराच्या माळ्यावर कोणा दिवंगत काकांची रसायनांची पेटी सापडली आणि त्यांनी घरातच प्रयोग सुरू केले. एकदोन स्फोटांतून घर आणि मुलगा दोन्ही वाचले, हे विज्ञानाचं नशीब. अमेरिकेत व्हेरियन कंपनीत असताना वेस्टन अँडरसन यांच्यासह त्यांनी एक युक्ती बसवली. जलतरंगाच्या वाट्या एकेक वाजवून त्यांचा सूर तपासायला वेळ लागतो. त्याऐवजी टेबलालाच एक धक्का द्या, सगळ्या वाट्या एकदम किणकिणतील. तो गलका टिपून घ्या आणि त्यातले सूर गणिताने वेगळे करा. फूरिए नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने हे गणित दीडशे वर्षांपूर्वीच करून ठेवलं होतं. अर्न्स्ट यांचा हा शोधनिबंध एका नामांकित नियतकालिकाने दोनदा साभार परत केला! अखेर १९६६ साली तो दुसरीकडे छापून आला. याच कामाला पुढे १९९१ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ती बातमी अर्न्स्ट यांना मॉस्कोहून न्यूयॉर्कला जाताना विमानात कळली.

दुसरी पायरीही त्यांचीच, पण कल्पना बेल्जियमच्या जाँ जीनर यांची. १९७१ साली युगोस्लाव्हियातल्या एका उन्हाळी वर्गात जीनर यांनी ती मांडली. धक्का एक नाही, दोन द्यायचे. मधला वेळ थोडा थोडा बदलत जायचा. मग सुरांची नुसती रांग न मिळता नकाशा मिळतो. नकाशावर दोन सुरांच्या छेदावर ठिपका दिसला, की समजायचं या दोन हायड्रोजनांचं आपसांत काहीतरी नातं आहे. नातं काय, ते प्रयोग कसा रचला त्यावर.

घाटातल्या हाका

आता व्यूथ्रिख. लिस नावाच्या स्विस गावात वाढलेल्या या मुलाला खेळाचं भारी वेड. त्यांनी रसायनशास्त्राबरोबर क्रीडाशिक्षकाची रीतसर पदवीही घेतली होती. फुटबॉल तर पुढेही कित्येक वर्षं सुटला नाही. १९६७ साली ते अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये गेले आणि तिथे अतिसंवाहक चुंबकाचं, त्या काळी अगदी नवलाईचं एक यंत्र त्यांच्या हवाली झालं. १९६९ साली झुरिकच्या तंत्रविद्यापीठात परतले ते प्रथिनांचा ध्यास घेऊनच. अर्न्स्ट त्याच विद्यापीठात होते.

व्यूथ्रिख यांची पद्धत समजायला आपला एखादा घाट डोळ्यांपुढे आणा. रस्ता नागमोडी, कडेला किलोमीटरचे दगड. धुकं इतकं, की काही दिसत नाही. प्रत्येक दगडाजवळ एकेक माणूस उभा केलाय. हाक पोचते ती फक्त जवळच्यांना. चौथ्या दगडावरच्या माणसाची हाक पाचव्याला ऐकू आली, त्यात नवल नाही. रस्त्याने तो शेजारीच आहे. पण चौथ्याची हाक अकराव्याला स्पष्ट ऐकू आली तर? तर रस्ता मधे वळसा घेऊन परत इथेच, चौथ्या दगडाच्या वर किंवा खाली, आला असला पाहिजे! अशा पुरेशा हाकांची यादी केली, की धुक्यातच बसून कागदावर घाटाचा आकार काढता येतो.

प्रथिनातल्या हायड्रोजनांमध्ये अशा हाका खरोखर जातात. एकाला डिवचलं, की जवळच्या दुसऱ्याच्या सुराची तीव्रता बदलते. अंतर वाढलं की हा परिणाम झपाट्याने विरतो. दुप्पट अंतराला तो दुपटीने नाही, चौसष्ट पटीने घटतो. त्यामुळे साधारण अर्ध्या नॅनोमीटरपलीकडे हाक पोचतच नाही. म्हणूनच हाक ऐकू आली, की हे दोघे नक्की जवळ आहेत अशी खात्री बाळगता येते. सगळ्या हाका एकाच नकाशावर दाखवणारा प्रयोग १९८० साली प्रसिद्ध झाला. निबंधावर नावं तीन : अनिल कुमार, अर्न्स्ट आणि व्यूथ्रिख. यातले पहिले अनिल कुमार आपले, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ज्यांनी दीर्घ काळ काम केलं ते. याच अनिल कुमारांचं नाव डिटर वेल्टी आणि अर्न्स्ट यांच्यासह १९७५ सालच्या आणखी एका निबंधावर आहे, आणि एमआरआयची चित्रं उभी करण्याची रीत त्या निबंधाशी जाऊन भिडते. घरातलं कोणी गुडघ्याचा किंवा मेंदूचा एमआरआय काढून आलं असेल तर या भारतीयाची आठवण काढायला हरकत नाही.

पण एक अडचण उरली आणि खरी चिकाटी लागली ती तिथे. हाका ऐकू येतात, पण हाक मारणारा नेमका कोण? चारशेहून अधिक आवाज एकदम येत असताना हा चौथ्या दगडावरचा आणि तो अकराव्या, हे ओळखायचं कसं? व्यूथ्रिख आणि गेऱ्हार्ड वाग्नर प्रभृती सहकाऱ्यांनी त्यावर जी रीत बसवली ती एखाद्या हवालदाराच्या चौकशीसारखी आहे. आधी एका मण्यातले हायड्रोजन एकत्र ओळखायचे. ते रासायनिक बंधांनी जोडलेले असल्याने वेगळ्या नकाशात एका कुटुंबासारखे दिसतात. मग या कुटुंबाच्या शेजारचं कुटुंब कोणतं ते हाकांवरून शोधायचं, मग त्याच्या शेजारचं. मण्यांचा क्रम आधीच माहीत असतो. त्याच्याशी ताडत गेलं, की एकेकाचं नाव पक्कं होतं. १९८२ साली ही रीत सविस्तर छापली गेली. कागदावरचे नकाशे पसरून, पट्टी-पेन्सिल घेऊन ठिपके जुळवायला महिनोन्महिने लागत.

या मार्गाने पहिली संपूर्ण आकृती निघाली ती वळूच्या वीर्यद्रवातल्या एका प्रथिनाची. मणी अवघे ५७. याच आकृतीवर म्युनिकमध्ये शंका घेतली गेली होती.

कोरं प्रथिन

पैजेसाठी प्रथिन निवडलं गेलं टेंडामिस्टॅट. ते एका जिवाणूपासून मिळतं, त्याच्या माळेत ७४ मणी असतात आणि त्याचं काम वर ज्याचा उल्लेख आला त्या अमायलेजला अडवण्याचं. अमायलेज अडलं की पिष्ट पचायचं राहतं, त्यामुळे औषध कंपन्यांना यात रस असणारच. हेक्स्ट कंपनीच्या शास्त्रज्ञांनी हे प्रथिन दोन्ही पक्षांना सढळ हाताने दिलं.

मग दोन शहरांत दोन कामं सुरू झाली. म्युनिकला ह्यूबर यांच्या मंडळींनी स्फटिक धरले, क्ष-किरण टाकले. झुरिकला अॅलन क्लाइन, वेर्नर ब्राउन आणि व्यूथ्रिख यांनी नळीत प्रथिन विरघळवून नकाशे काढायला घेतले. एकीकडे खडीसाखर, दुसरीकडे पाक, असं म्हटलं तरी चालेल. हाकांवरून मिळालेली अंतरं संगणकाला द्यायची आणि ही सगळी एकाच वेळी खरी ठरतील अशी माळेची घडी शोध, असं त्याला सांगायचं. संगणकही तेव्हाचे, आजच्या मोबाइलपुढे अगदीच गरीब.

१९८६ साली दोन्ही निबंध एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात, पाठोपाठ प्रसिद्ध झाले. आकृत्या एकमेकींवर ठेवल्या. माळेची वळणं तीच. पट्ट्या त्याच. गाभ्यातल्या मण्यांची मांडणीही तीच!

फरक दिसला तो पृष्ठभागावर. स्फटिकात जिथे एक रेणू दुसऱ्याला टेकून बसतो तिथे टोकं जखडलेली, पाण्यात तीच टोकं हलती. हा फरक व्यूथ्रिख यांच्या विरुद्ध गेला नाही. उलट दोन्ही पद्धती खरं बोलताहेत, फक्त वेगवेगळ्या परिस्थितीतलं बोलताहेत, हे त्यातून दिसलं. आरोप तिथेच संपला. ह्यूबर यांना दोनच वर्षांनी, १९८८ साली, प्रकाशसंश्लेषणातल्या एका प्रथिनसंचाच्या आकृतीसाठी योहान डायझनहोफर आणि हार्टमुट मिशेल यांच्यासह नोबेल मिळालं. व्यूथ्रिख यांना मात्र २००२ सालापर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षीच्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यांचा होता. उरलेला अर्धा जॉन फेन आणि कोइची तानाका यांनी वाटून घेतला.

शेपटी

स्फटिकाला जे दिसत नाही ते पाण्यात दिसतं, याचा सर्वांत गाजलेला दाखला 'मॅड काउ'च्या काळातला. मार्च १९९६ मध्ये ब्रिटिश सरकारने गायींच्या त्या रोगाचा माणसांमधल्या एका नव्या जीवघेण्या मेंदूविकाराशी संबंध असावा असं जाहीर केलं आणि युरोपभर गोमांसाच्या बाजारात हाहाकार उडाला. संशयित होतं प्रिऑन नावाचं प्रथिन. ते प्रत्येकाच्या शरीरात असतं, निरुपद्रवी असतं. पण त्याची घडी बदलली की ते शेजारच्या प्रिऑनांनाही बिघडवत सुटतं. मूळची निरोगी घडी कशी असते, हेच तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. त्याच वर्षी व्यूथ्रिख यांच्या गटाने उंदराच्या प्रिऑनच्या मुख्य भागाची आकृती एनएमआरने काढली. पुढच्या वर्षी संपूर्ण प्रथिन तपासलं, तेव्हा आणखी एक गंमत कळली. जवळजवळ निम्म्या माळेला घडीच नाही! ती शेपटीसारखी पाण्यात मोकळी वळवळत असते. असली शेपटी कवायतीत कशी उभी राहणार? एनएमआरला मात्र तिचा मोकळेपणाच ऐकू आला.

अर्थात ही पद्धत सर्वगुणसंपन्न नाही. प्रथिन मोठं असलं की ते पाण्यात सुस्तपणे गोलांट्या घेतं आणि त्याचे सूर पसरट होऊन एकमेकांत मिसळतात. त्यावर नायट्रोजन आणि कार्बनची जड रूपं मुद्दाम घातलेली प्रथिनं जिवाणूंकडून बनवून घेण्याची युक्ती निघाली. १९९७ साली व्यूथ्रिख यांच्याच गटाने सूर अणकुचीदार ठेवणारी आणखी एक रीत काढली. तरीही अगदी अवजड प्रथिनांच्या बाबतीत आज गोठवलेल्या नमुन्याचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक पुढे आहे. आणि २०२०पासून अल्फाफोल्ड हा संगणक कार्यक्रम मण्यांच्या क्रमावरून घडीचा अंदाज इतका अचूक बांधू लागला, की २०२४ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलमधला अर्धा वाटा त्याच्या कर्त्यांना, डेमिस हासाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाला. मग एनएमआर अडगळीत गेलं का? नाही. घडी सांगणं वेगळं आणि ती घडी कुठे लवते, औषधाचा रेणू आला की नेमकी कुठली टोकं दचकतात, हे सांगणं वेगळं. त्यासाठी अजूनही नळी चुंबकातच जाते.

मुंबईत कुलाब्याच्या टोकाला टाटा संस्थेत ऐंशीच्या दशकात गिरजेश गोविल यांच्या पुढाकाराने ५०० मेगाहर्ट्झच्या यंत्राचं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. देशातल्या विद्यापीठांचे आणि प्रयोगशाळांचे नमुने तिथे येऊ लागले. अशा यंत्राचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दोन लाख पटींहून बलवान. त्याच्या पोटात उणे २६९ अंशांचं द्रव हेलियम, भोवती उणे १९६ अंशांचं द्रव नायट्रोजन. घड्याळं आणि एटीएम कार्डं बाहेर ठेवून जायचं. पेसमेकरवाल्याने तर आत पाऊलच टाकायचं नाही. आणि एवढ्या डामडौलात मधोमध काय, तर पेन्सिलीहून बारीक नळीत अर्धा मिलिलिटर द्रव! २०२० साली इटलीतल्या फ्लॉरेन्सला १२०० मेगाहर्ट्झचं यंत्र बसलं, तरी नळी तेवढीच बारीक.

जगभर निघालेल्या प्रथिनांच्या आकृत्या एका सार्वजनिक पेढीत जमा होतात. आजवरची संख्या दोन लाखांच्या वर. त्यांपैकी सुमारे १४ हजार एनएमआरने काढलेल्या. टेंडामिस्टॅटच्या दोन्ही आकृत्या तिथे आहेत. ह्यूबर यांच्याकडची १एचओई या क्रमांकाखाली, व्यूथ्रिख यांच्याकडची २एआयटी या क्रमांकाखाली. पेढी फुकट आहे, तिचे दरवाजे कोणालाही उघडे आहेत. कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी घरच्या संगणकावर दोन्ही उतरवून घेऊन एकमेकींवर ठेवू शकते आणि १९८६ साली म्युनिक आणि झुरिकने जे पाहिलं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकते.